शेद्लीची निळी भिंत

शेद्ली बिन मसूद हा माणूस मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्याच्याबद्दल जे सांगेन त्यात गोडवा शोधत बसू नका. आम्ही दोघे करकेना बेटांवरचे, एकाच वाडीतले आणि समुद्रातही शेजारी. आमच्याकडे जमिनीसारखी समुद्राचीही वाटणी असते. पणजोबांच्या काळचे कागद असतात आणि हद्दीवरून डोकीही फुटतात. पाणी उथळ, कमरेएवढं. तळाशी लांब पात्यांचं गवत, त्यात माशांची पिल्लं लपतात आणि वाढतात. या पाण्यात आम्ही खजुराच्या झावळ्या रोवून भिंत उभी करतो. ओहोटी लागली की मासा भिंतीला धरून खोल पाण्याकडे सरकतो आणि टोकाच्या टोपलीत शिरतो. याला शरफिया म्हणतात.

जून ते ऑगस्ट मासेमारी बंद. सप्टेंबरात नवी भिंत. जुनी भिंत मात्र कोणी काढत नाही, ती समुद्राची. रोवलेली झावळी उपटून घरी आणली तर घरावर अवकळा येते, असं आमच्या आया सांगायच्या. किडे, लाटा आणि खारं पाणी मिळून वर्षभरात ती खाऊन टाकतात. मग पुन्हा झावळ्या तोडा, वाहून न्या, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून एकेक रोवा. माझे तळहात बघा, म्हणजे कळेल.

अठरा वर्षांपूर्वी शेद्लीला या कामाचा कंटाळा आला. भाजीच्या मळ्यांवर सावलीसाठी ताणतात तसली निळी प्लास्टिकची जाळी त्याने बोटीभर आणली आणि दोन दिवसांत भिंत उभी केली. मला त्याच कामाला तीन आठवडे लागले. त्या वर्षी आमच्या कॉफीच्या दुकानात त्याचा आवाज छपराला लागत होता.

"काय रे बुरावी, अजून समुद्रात झाडू रोवतोस का?"

"रोवतो बाबा. तुझं काय जातं?"

"माझं काही जात नाही. पण समुद्र झाडून झाला की माझं अंगणही झाडून जा."

सगळे हसले. तेव्हापासून वाडीत माझं नाव झाडूवाला पडलं. माझ्या बायकोलाही पाणवठ्यावर झाडूवाली म्हणू लागले. पुढच्या दोन-तीन वर्षांत अर्ध्या वाडीने निळी जाळी लावली. मी लावली नाही, ती काही शहाणपणामुळे नाही. माझ्याकडे खजुराची झाडं होती आणि जाळी घ्यायची ऐपत नव्हती.

ऊन त्या जाळीला दोन-तीन वर्षांत खाई. धागे सुटत, जाळी भुरभुरू लागे. मग शेद्ली तिच्यापुढे नवी जाळी ठोकी आणि जुनी तिथेच सोडून देई. समुद्राची भिंत समुद्राला. आईचं दुसरं काही त्याने ऐकलं नसेल, एवढं मात्र इमानाने ऐकलं. जाळीमागे जाळी अशा सात भिंती त्याच्या हद्दीत उभ्या होत्या आणि पाणी एकही खाऊन संपवत नव्हतं. नुसता त्यांचा चुरा करत होतं.

मग त्याची मुलगी सलूहा नवऱ्याला सोडून समोरच्या किनाऱ्यावरच्या सफाकस शहरातून परत आली. एक ट्रंक आणि मोडलेला दात घेऊन आली. शेद्लीचे दोन्ही मुलगे इटलीत, त्यांना समुद्राशी देणंघेणं नव्हतं. शेद्लीने कॉफीच्या दुकानात टेबलावर हात आपटून सांगितलं, "माझी हद्द सलूहाची. सप्टेंबरात ओमदासमोर तिच्या नावावर करणार. माझ्या पोरीला पुन्हा कोणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही." ओमदा म्हणजे आमचा गावमुखिया. हे बोलताना शेद्लीचे डोळे भरून आले होते. तेवढा एक क्षण मला त्याचं वाईट वाटलं.

सलूहा कामाची. पहाटे बापाबरोबर बोटीत, कमरेला फडकं बांधून पाण्यात. पण टोपल्या रिकाम्या येऊ लागल्या होत्या. आधी बोय मासळी कमी झाली, मग खडकपालवासारखे चांगले मासे दिसेनासे झाले. टोपलीत निळे खेकडे तेवढे भरभरून. शेद्ली म्हणे, खेकड्यांनी खाल्ले. मग म्हणे, वारा फिरला. मग म्हणे, मला कोणाची तरी नजर लागली, आणि माझ्याकडे बघे.

मे महिन्यात पाण्याचा अभ्यास करणारी रफीका नावाची बाई आली. तिने कॉफीच्या दुकानातच टेबलावर वर्तमानपत्र पसरून शेद्लीच्या टोपलीतले मासे चिरले. पोटातला काळसर लगदा पांढऱ्या बशीत पाण्याने पसरवला आणि बशी सगळ्यांसमोर फिरवली. त्यात निळे धागे होते, पापणीच्या केसाएवढे. एकात पाच, एकात अकरा.

"हे गवताच्या मुळांतही आहे," ती म्हणाली. "पानांवर बसतं, मातीत मुरतं. गवत कुजतंय. गवत गेलं की पिल्लांना जागा नाही."

निळी जाळी निम्म्या वाडीची होती. पण दुकानातल्या सगळ्या माना शेद्लीकडे वळल्या. ज्यांनी त्याची नक्कल केली तेच सगळ्यात मोठ्याने बोलले.

"शेद्ली, आम्हाला या नादाला कोणी लावलं?"

"समुद्रच शिवून काढलास की रे, शिंप्या!"

"आता खा तुझी जाळी. हरीसाची मिरचीची चटणी लावून खा, तिखट लागेल."

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? बशी माझ्याकडे आली तेव्हा मी ती मुद्दाम शेद्लीच्या नाकाखाली धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

त्याने बशी उडवून दिली. "सप्टेंबरपर्यंत हद्द आरशासारखी करून देतो पोरीला. बघत राहा."

रफीकाबाई त्याच्यामागे दारापर्यंत गेली. "बाबा, ओढू नका. मुळं जाळीत गुंतलीत. पाण्यावरचा भाग कापून तेवढा गोळा करा, खालचं राहू द्या. आणि आता तर अजिबात नको, आता पिल्लं आहेत गवतात."

"मला समुद्र शिकवू नकोस," शेद्ली म्हणाला.

जून महिनाभर त्याने एकट्याने ओढलं. मी माझ्या बोटीतून बघत होतो. जाळीच्या खांबाला दोर बांधायचा, दोर बोटीला, आणि वल्ही मारायची. जाळी यायची, पण तिच्याबरोबर गवताचे गठ्ठे मुळांसकट यायचे, आणि गवतात अडकलेली बोटभर पिल्लं. अर्धी जाळी हातात येण्याआधीच चुरा होऊन पसरायची. जितकं काढावं तितकं पाणी निळं. मग तो गुडघ्यांवर बसून पिठाच्या चाळणीने पाणी चाळायचा. सत्तरीचा माणूस. त्याची चाळणी भरायची ती वाळूने आणि पिल्लांनी.

सलूहा काठावरून ओरडायची, "बाबा, पुरे! बाहेर या! अहो, तुम्ही मुळं उपटताय!"

"तुझ्यासाठीच करतोय गं!"

"माझ्यासाठी नका करू!"

त्याने ऐकलं नाही. जुलैत त्याच्या हद्दीतलं पाणी आठवडाभर गढूळ होतं. निवळलं तेव्हा खाली गवत नव्हतंच. पांढरी वाळू होती, उघडी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

सप्टेंबरात कॉफीच्या दुकानात ओमदा कागद घेऊन बसला. शेद्ली दाढी करून, स्वच्छ कोट घालून आला होता. कागदावर सलूहाचं नाव लिहायच्या आधी ओमदाने रीतीप्रमाणे तिला विचारलं, "घेतेस ना, पोरी?"

"नाही," सलूहा म्हणाली. "त्यात काय आहे घेण्यासारखं? वाळू घेऊन काय करू? माझ्या नावावर काही लिहू नका."

शेद्ली म्हणाला, "सलूहा, मी महिनाभर..."

"म्हणूनच," ती म्हणाली. "तुम्ही महिनाभर केलंत म्हणूनच."

आणि सगळ्यांच्या देखत ती माझ्या टेबलाशी आली. "काका, तुमच्या हाताला आता झावळ्या रोववत नाहीत. मी रोवते. अर्धा मासा माझा. तुमची भिंत खजुराची, तुमच्याकडे गवत आहे. आहे ना?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शेद्लीची हद्द वरच्या अंगाला आणि माझी खालच्या. ओहोटीला त्याच्याकडचं पाणी माझ्या हद्दीतून जातं. रफीकाबाईची बशी पाहिल्यावर त्याच संध्याकाळी मी घरी दार लावून माझे मासे चिरले होते. एकेका पोटात वीस-वीस धागे. जुलैच्या त्या गढूळ पाण्यानंतर माझ्या गवताला तपकिरी डाग पडले होते आणि डागांच्या जागी आता टकलं दिसत होती. मी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. माझं गवत फार तर दोन हंगाम टिकेल, एवढं मलाही कळत होतं.

पण माझे हात खरोखरच गेले होते. आणि शेद्लीची मुलगी सगळ्या वाडीसमोर त्याला सोडून माझ्याकडे आली होती. हे सुख मला सोडवेना.

"आहे," मी म्हणालो. "दाट आहे. उद्यापासून ये."

तिने पहाटेपासून कामाला सुरुवात केली. तीन आठवड्यांचं काम तेरा दिवसांत केलं. संध्याकाळी तिचे तळहात सोलून निघालेले असत आणि त्यांना तेल लावता लावता ती माझ्या बायकोशी हसत असे. पुढच्या वर्षी वेगळी खोली घेईन म्हणत असे. आमच्या घरात इतकं हसणं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. मी माझ्या ताटातल्या कुसकुसकडे बघत जेवत असे.

चौदाव्या दिवशी शेद्ली माझ्या दारात आला. आयुष्यात पहिल्यांदा. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"बुरावी," तो म्हणाला, "तुला वाटेल ते बोल मला. मी ऐकून घेतो. पण एक खरं सांग. तुझ्या हद्दीत जीव आहे ना? पोरीचं भागेल ना त्यावर?"

त्याच्या मागे, समुद्राकडून सलूहा रिकाम्या टोपल्या धुवून येत होती. तिने बापाला पाहिलं आणि चाल मंद केली.

"भागेल," मी म्हणालो. "तिचं जन्मभर भागेल."

शेद्लीने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. मग मुलीकडे न बघता तो घरी गेला.