तीन महिन्यांची साखर

बाबा हायस्कुलात शिकवायचे आणि कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढायचे. स्वतः मात्र मधुमेहाच्या तपासणीत राजरोस कॉपी करायचे. रक्त द्यायचं ठरलं की आधीचे चार दिवस कारल्याचा रस आणि मांडवीच्या समुद्रापर्यंत पायी फेऱ्या. मी ज्या लॅबमध्ये कामाला होते तिथेच ऐटीत येऊन हात पुढे करायचे. साखर नॉर्मल आली की रिपोर्ट आईच्या हातात ठेवायचे आणि आढीतला हापूस काढायचे. मी ओरडले तर म्हणायचे, "पास झालेल्याला कोणी छळतं काय गो?"

एका पावसाळ्यात त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. रिपोर्ट नॉर्मल आणि अंगठा काळा! डॉक्टर चक्रावले. मुंबईच्या एका इस्पितळात तेव्हा नव्या तपासणीवर संशोधन चालू होतं. साखर रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटते ती तांबडी पेशी मरेपर्यंत सुटत नाही, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं कळतं. डॉक्टरांनी बाबांना त्यात घातलं. हे चिकटण्याचं प्रकरण बाबांना कोणी समजावलं नाही, मी तर मुळीच नाही. त्यांनी नेहमीसारखी तयारी केली, कारलं दुप्पट.

रक्त थंड ठेवायला बर्फ मिळाला तो मिरकरवाडा बंदरावर, मासळीवाल्यांकडे. थर्मास मुंबईच्या एसटीत कंडक्टरच्या स्वाधीन केला. "माझं रक्त बांगड्यांच्या बर्फात?" बाबा भडकले. "बाटायचं तेवढंच राहिलं होतं!"

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी आईसमोरच सांगितलं, की तीन महिने साखर भरमसाट होती. बाबांनी बोटांवर मागे मोजलं. "म्हणजे मे महिना धरला की हो यांनी!"

मला हसू फुटलं. डॉक्टर हसले नाहीत. अंगठा काढावा लागणार होता, आणि असंच चाललं तर पुढे पायही.

बाबांचा चेहरा उतरला. आईकडे न बघता ते डॉक्टरांना म्हणाले, "हिच्या भावाचा याच दुखण्यात पाय गेला, मग भाऊही गेला. तेव्हापासून हिला झोप नाही. माझा रिपोर्ट चांगला आला की झोपायची. आणि आंबा काय मला सुटत नव्हता."



"चुलीत घाला ते रिपोर्ट," आई म्हणाली. "मला तुमचा पाय हवा होता."