प्रिझ्यूम्ड

ठाऊक असलेला शब्दसुद्धा कोशात पाहिल्याशिवाय कोशआप्पा तोंडातून काढत नसत. बेळगावच्या पोस्टाच्या ओसरीवर आम्ही दोघं लोकांची इंग्रजी पत्रं वाचून द्यायला बसायचो. मी मॅट्रिक. ते शहापूरचे विणकर, मागावर बसून इंग्रजी शिकलेले. तरी रांग लागायची ती त्यांच्यापुढं, आणि मी माशा मारत बसायचो. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पत्र ते मनातल्या मनात तीनदा वाचत. मी टोमणा मारला, की फडक्यात बांधलेला कोश सोडत म्हणत, "मॅट्रिक, मागावर चुकलं तर उसवता येतंय. बोललेलं कसं उसवायचं रं?"

लढाईच्या दिवसांत जांबोटीची एक बाई पलटणीतून आलेलं पत्र घेऊन आली. तिचा नवरा ब्रह्मदेशात लढायला गेलेला. आप्पांची रांग मोठी, म्हणून ती माझ्याकडं वळली. मला केवढा हुरूप आला! 'मिसिंग, प्रिझ्यूम्ड किल्ड' एवढं दिसताच मी आप्पांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "बाई, तुझा मालक गेला."

तिनं हात उचलला. बांगड्या पायरीवर आपटणार, तोच आप्पा ओरडले, "थांब आक्का!"

त्यांनी पत्र तीनदा वाचलं, मग कोश उघडला. ती हात तसाच धरून उभी.

"प्रिझ्यूम म्हंजे कुनी बघितलेलं न्हाय. सापडंना, म्हणून मेला असं धरून चालल्यात. धरनारं सरकार. त्येला घाई असती. तुला कसली घाई हाय?"

ती बांगड्यांसकट घरी गेली. आप्पांनी बिचारीला खोटी आशा लावली, असं मी चारचौघांत सांगत फिरलो. सांगायला लाज वाटते, पण त्या माणसाच्या मरणाचं पक्कं पत्र यावं म्हणून मी रोज टपालाकडं डोळे लावून बसायचो. आप्पा खोटे पडावेत, एवढंच मला हवं होतं.

लढाई संपली. पुढच्या पावसाळ्यात आप्पा तापानं गेले.

दिवाळीनंतर ती बाई ओसरीवर आली. हातात बांगड्या, डोईवर तांदळाची पाटी, मागं काठी टेकत आलेला तिचा नवरा. मी उठून उभा राहिलो. तिनं पाटी उतरवली ती आप्पांच्या रिकाम्या जागेपुढं.

"आप्पा गेले," मी म्हणालो.

तिनं मला नीट न्याहाळलं. "बघून सांगतायसा न्हवं, मास्तर?"

मी त्यांना खांदा दिला होता. तसं सांगितलंही. तिनं ऐकून घेतलं, पाटी पुन्हा डोईवर घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, शहापुरात जाऊन इचारू."