केलरबाईंची दाद

जर्मनीत, झिंडेलफिंगेनला चार मराठी माणसं जेवायला जमली की गप्पा व्हिसावरून कोथिंबिरीवर येतात आणि कोथिंबिरीवरून केलरबाईंवर! मी आणि माझा ऑफिसमधला मित्र मिलिंद वानखेडे त्यांच्याकडे पियानो शिकायचो. पियानो किती आला ते विचारू नका, किस्से मात्र ढिगाने जमले.

* * *

मिलिंद नागपूरचा. चाळिशीत पियानोचं वेड लागलं. उन्हाळ्यात कॉन्ट्रॅक्ट संपून परत जायचं होतं. त्याआधी बाईंच्या तोंडून एकदा तरी 'छान' ऐकायचं, एवढीच त्याची इच्छा.

एकदा अख्खा पीस न चुकता वाजवला. बाई म्हणाल्या, "गेनाऊ." आणि खिडकी लावायला उठल्या.

स्काइपवर त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, विचारलं, "काय म्हणाल्या?"

"बरोबर आहे म्हणाल्या."

"बरोबर तं कॅल्क्युलेटरबी असते!"

* * *

शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून त्याने हेडफोनवाला पियानो घेतला. बाहेर ऐकू येते ती नुसती पट्ट्यांची टकटक. एका रविवारी त्याची बायको सुजाता कडाडली, "अहो, सकाळपासून घरात कोणीतरी कांदा चिरतंय असं वाटतंय, आणि भाजी काही येत नाही!"

* * *

रोमँटिक काळातला एक संगीतकार दुसऱ्याच्या गाण्यांवर इतका फिदा झाला, की ती त्याने गायकाशिवाय, नुसत्या पियानोसाठी बसवली आणि गावोगाव स्वतःच्या मैफलीत वाजवली, असं बाईंनी सांगितलं. मला खरंच वाटेना. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात एका गायकाने दुसऱ्याचं कौतुक करायचं तर दुसरा आधी वारावा लागतो!

मिलिंद म्हणाला, "ते दोघं एका मंडळात नसणार."

* * *

आप्पा इथे आले तेव्हा त्यांना पियानोच्या मैफलीला नेलं. नागपूरला भीमगीतांच्या पार्टीत त्यांनी जन्मभर हार्मोनियम वाजवलेली. पहिल्याच सुरेल जागेला ते मोठ्याने म्हणाले, "वाह!" अख्खा हॉल वळून बघायला लागला. शेजारच्या आजींनी काळजीने त्यांच्या हातावर खोकल्याची गोळी ठेवली. पुढच्या "क्या बात है!"ला दुसरी मिळाली.

* * *

जाण्याआधी मिलिंदने विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमासाठी त्या संगीतकाराने पियानोसाठी बसवलेल्या गाण्यांपैकी एक बसवलं. एका ओळीच्या शेवटी त्याने आप्पांची हार्मोनियमवरची एक छोटीशी हरकत घातली. बाईंनी हात धरून थांबवलं. "आल्झो," म्हणजे 'हं, तर', "हे इथे लिहिलेलं नाही."

कार्यक्रमात पठ्ठ्याने ती घेतलीच! बाईंनी लगेच पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं. मिलिंदचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी बाईंची पुस्तकं परत द्यायला आम्ही दोघं गेलो. जिन्यातच पियानो ऐकू आला. तेच गाणं. ओळ संपली आणि पाठोपाठ ती हरकत आली, जराशी अडखळत. बाई थांबल्या. पुन्हा वाजवली. मग पुन्हा.

मिलिंद तिथेच पायरीवर बसला. बऱ्याच वेळाने त्याने बेल वाजवली.

बाईंनी दार उघडलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उशीर झालाय तुम्हाला."