विजापूर रस्त्यावरचे रविवार

विजापूरचा रस्ता चार पदरी होणार, ही बातमी आमच्या घरी अप्पांनी आणली. सोलापुरात सैफुल नाक्यावरच्या टपरीवर चहा पिताना त्यांना कुणीतरी सांगितली होती. माझे वडील बांधकाम खात्यात मुकादम होते आणि त्यांची सगळी नोकरी याच रस्त्यावर गेली. टोळी घेऊन खड्डे बुजवायचे, गटारी काढायच्या, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू मारून घ्यायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ते "माझा रस्ता" असंच म्हणायचे.

तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. आई मी शाळेत जायच्या आधीच गेली. माझं लग्न झालं आणि तीन वर्षांत मोडलं, मी परत आले ती कायमची. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मी कटिंगचं काम बघते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी अक्का विजापूरला दिली होती. रस्ता तेव्हा इतका वाईट होता, की एसटीनं यायला तिला तीन-तीन तास लागायचे. पंचमीला आणि दिवाळीला येऊन जायची, तीही कंबर धरून. खरं सांगायचं तर मला ते बरं होतं. अप्पा माझ्या एकटीचे होते.

काम सोलापूरच्या बाजूनं तुकड्यातुकड्यानं सुरू झालं. दर रविवारी सकाळी मी अप्पांना स्कूटीवर बसवून काम दाखवायला न्यायची. आधी वडकबाळच्या सीना पुलापर्यंत, मग पुढं. त्यांनी गेरू मारलेली चिंचेची झाडं तोडून आडवी पडलेली दिसली त्या दिवशी ते दिवसभर जेवले नाहीत. पण पुढच्या रविवारी पुन्हा तयार होऊन बसले. मुरमाचा भराव किती उंच घातलाय, रोलर किती वेळा फिरतोय, हे ते भावाच्या घराचं बांधकाम बघावं तसं बघायचे.

मंद्रूपच्या अलीकडं काळ्या रानात एक सखल जागा आहे, पावसात ओढ्याचं पाणी तिथून वाहतं. तिथं उभं राहून ते मला म्हणाले, "हितं खालनं वगळ येतोय. पानी जायला हितं मोरी पायजे. न्हाय घातली तर पैल्याच पावसात भराव बसंल बघ."

तिथं एक तरुण इंजिनिअर होता, बाहेरच्या राज्यातला. अप्पा त्याला सांगायला गेले तर तो मान हलवून मोबाइल बघत राहिला. मग मीच पुढं झाले. म्हटलं, "साहेब, हे याच रस्त्यावर मुकादम होते. तुमच्या नकाशात नसेल ते यांच्या डोक्यात आहे. एकदा ऐकून तर घ्या." कारखान्यात बायकांवर आवाज चढवायची मला सवय आहे, तोच आवाज निघाला. तो अप्पांबरोबर खाली रानात उतरला. तीन आठवड्यांनी आम्ही गेलो तेव्हा त्या जागी सिमेंटचे मोठे पाइप येऊन पडले होते. अप्पांनी एका पाइपवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. परत येताना ते माझ्या मागं बसून काहीतरी गुणगुणत होते. त्या दिवसाइतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

मग पहिला तुकडा वाहतुकीला खुला झाला, पुढं मंद्रूपच्या बाहेरून जाणारा वळण रस्ता. पलीकडून कर्नाटकातला भागही होत आला. रस्ता जसा पुढं सरकला तशी अक्का जवळ आली. दाजींनी गाडी घेतली होती. पंचमी-दिवाळीची अक्का महिन्यातून एकदा यायला लागली, आणि काम भीमेकाठच्या टाकळीपर्यंत पोचलं तेव्हा दर रविवारी. भीमेवरचा नवा पूल तेवढा राहिला होता, तिथं जुन्या पुलावरून यावं लागायचं. तरी दीड तासात दारात गाडी उभी.

अप्पा शनिवारी संध्याकाळीच दाढी करून ठेवायचे. रविवारी आठ वाजल्यापासून इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर. मी कामावरून यायची तेव्हा ते कधी ओट्यावर बसलेले मला आठवत नाहीत. गाडी थांबली की नातवंडं "अज्जा, अज्जा" करत अंगावर पडायची आणि अप्पा त्यांच्याशी कानडीत बोलायला लागायचे. ती आईची भाषा. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते, की मला ती धड आलीच नाही. अक्काला येते. ते चौघं-पाचजण हसायचे आणि ते कशाला हसले, हे मी विचारत बसायची. पुढंपुढं विचारायचं सोडलं.

रस्ता बघायला आता ते गाडीतून जायचे. पुढच्या सीटवर अप्पा, मागं अक्का आणि पोरं. अक्का म्हणायची, "ये की, सरकून बसू." मी म्हणायची, "जाऊन या, मला स्वयंपाक आहे." मला खरं तर अप्पांनी म्हणायला हवं होतं. ते काच खाली कशी करायची ते बघत असायचे.

अक्का काही वाईट नाही. हे लिहिताना मी ते कबूल केलं पाहिजे. ती यायची तेव्हा डबे भरून आणायची, माझ्यासाठी साडी आणायची, भांडी घासू लागायची. त्यामुळं तिच्यावर रागवायला मला काही कारणच सापडायचं नाही, आणि मग जास्तच राग यायचा. सहा दिवस मी त्यांच्या गुडघ्याला तेल चोळायची, गोळ्या द्यायची, रात्रीचा खोकला ऐकायची. सातव्या दिवशी ती यायची आणि अप्पांचा गुडघा दुखायचा थांबायचा.

एका रविवारी दाजींचे काही नातेवाईक सोबत आले होते. जेवणं झाल्यावर अप्पा त्यांना पाइपाची गोष्ट सांगायला लागले. मी आत ताक घुसळत होते, हात थांबवून ऐकायला लागले. अप्पा म्हणाले, "तो सायब ऐकंना. मग ही आमची थोरली फुडं झाली. म्हनली, सायब, तुमच्या नकाशात नसंल ते ह्यांच्या डोक्यात हाय. असा सरळ केला बघा त्याला."

माझं वाक्य. शब्दाला शब्द. पाहुणे अक्काकडं बघून हसले, दाजीही हसले. मी दारातून अक्काकडं बघितलं. ती खाली मान घालून साडीच्या काठावरून बोट फिरवत होती. नाही म्हणाली नाही.

मी ताक वाढलं. संध्याकाळी सगळे गेल्यावरही अप्पांना काही बोलले नाही. म्हातारपणी होतं असं, हे मला कळत होतं. पण ते विसरले असते तर मी सोसलं असतं. त्यांनी मला काढून तिथं अक्काला उभं केलं, हे माझ्या डोक्यातून जाईना. कारखान्यात कापडाच्या थप्पीवर कात्री चालवताना तेच आठवायचं. एकदा अख्खी थप्पी चुकीच्या मापाची कापली गेली.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी भीमेवरचा पूल सुरू झाला. त्या आठवड्यात अक्काकडं लग्न होतं, म्हणून ती येणार नव्हती. अप्पांनी दाढीही केली नव्हती. पण शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"लग्नाला एकटे हे जातील संध्याकाळी. आम्ही सकाळी येतो. अप्पांना सांग, नऊला तयार राहायचं. नवा पूल दाखवून इकडंच आणते त्यांना, चार दिवस राहतील."

"सांगते," मी म्हणाले.

मी सांगितलं नाही. जेवताना अप्पांना म्हटलं, "उद्या लवकर निघू. टाकळीचा पूल बघून येऊ."

"स्कूटीवर? लई लांब हाय की."

"रस्ता नवा आहे. तुमचाच रस्ता ना?"

ते हसले. साडेसहाला आम्ही निघालो. अक्का समोरून याच रस्त्यानं येणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. अप्पा माझ्या पाठीमागं बसलेत, माझ्या खांद्यावर त्यांचा हात आहे, हे तिला दिसावं असंच मला वाटत होतं बहुतेक.

सीना नदीपर्यंत मजेत गेलो. पुढं वारं सुटलं. उसाच्या ट्रॉल्या आणि मोठे ट्रक शेजारून गेले की स्कूटी हेलकावायची आणि अप्पांची बोटं खांद्यात रुतायची. ते काहीतरी सांगत होते, पण हेल्मेटमुळं आणि वाऱ्यामुळं मला एक शब्द ऐकू येत नव्हता. पूर्वी मंद्रूपला थांबून चहा व्हायचा. आता रस्ता गावाबाहेरून जातो, त्यामुळं थांबायला काही नाही. मीही थांबवली नाही.

पुलाच्या तोंडाशी गाडी उभी केली तर अप्पांना उतरताच येईना. डावा गुडघा धरला होता. मी त्यांना काखेत हात घालून खाली घेतलं, माझी शाल घडी करून कडेला तिच्यावर बसवलं. चेहरा पांढरा पडला होता. समोर पूल होता, खाली भीमेचं पाणी होतं, त्यांनी त्याकडं बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून गुडघा दाबत राहिले.

"काय म्हणत होता मघाशी?" मी विचारलं.

"थांब म्हनत होतो," ते म्हणाले.

थोड्या वेळानं पलीकडच्या बाजूनं दाजींची गाडी आली, पुढं गेली आणि करकचून थांबली. अक्का उतरली. मधे दुभाजक होता. साडी खोचून, ट्रक जाऊ देऊन, ती तो ओलांडून आली. दाजी गाडी वळवायला जागा शोधत पुढं निघून गेले. त्यामुळं पंधरा-वीस मिनिटं आम्ही तिघंच तिथं होतो.

तिनं आधी अप्पांचा गुडघा बघितला, पाणी पाजलं. मग मला म्हणाली, "मी काल फोन केला होता ना?"

"कसला फोन?" अप्पांनी विचारलं.

अक्का गप्प राहिली. मला वाचवायला गप्प राहिली, आणि तेच मला सहन झालं नाही.

"मी सांगितलं नाही तुम्हाला," मी म्हणाले. "तो पाइपाचा साहेब होता ना अप्पा, त्याला मी बोलले होते. अक्का नव्हती तिथं. मी तुम्हाला स्कूटीवर घेऊन गेले होते."

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. "तूच व्हतीस की," ते म्हणाले. "मंग? मी काय म्हनलो?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. इतके दिवस मी जे उराशी धरून बसले होते, त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. अक्का मात्र म्हणाली, "मला माहीत होतं. त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." मग जरा थांबून म्हणाली, "मला बरं वाटलं गं ते ऐकायला. मी कुठंच नसते त्यांच्या गोष्टीत."

ती अप्पांकडं वळली. "वर्षभर म्हणतेय, चला माझ्याकडं. तिथं चांगला हाडांचा डॉक्टर आहे. हिला सांगा, काय म्हणता तुम्ही मला."

"ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले.

"धाकटी एकटी पडंल, म्हणतात."

मी तर समजत होते मी त्यांना सांभाळतेय. लोकही तसंच म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं. आणि ते माझ्यासाठी थांबले होते, दुखणारा गुडघा घेऊन. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी काही एकटी पडत नाही. तुम्ही जा खुशाल."

"बघ हं," अप्पा म्हणाले.

"जा म्हटलं ना."

दाजी गाडी घेऊन आले. अप्पांना पुढच्या सीटवर बसवलं. अक्का म्हणाली, तूही चल, स्कूटी टाकळीत कुणाकडं तरी लावू. मी म्हटलं, सोमवारी काम आहे. गाडी पूल ओलांडून गेली. मी शाल झटकली आणि परत निघाले. त्या सपाट रस्त्यावर स्कूटी कुठं म्हणून आदळली नाही, आणि घर येईपर्यंत मी अक्काला मनातल्या मनात बोलत होते, तिचं काही चुकलेलं नसताना.

डॉक्टरनं महिनाभर प्रवास करू नका म्हणून सांगितलं. एका महिन्याचे दोन झाले, मग तिथंच उपचार सुरू राहिले, आणि अप्पा विजापूरचे झाले. त्याला आता दीड वर्ष होईल. पहिल्या महिन्यात मी रोज दोन माणसांच्या भाकऱ्या थापल्या आणि उरलेल्या सकाळी शिळ्या खाल्ल्या. फोनवर त्यांचा आवाज चांगला यायचा. तो चांगला येतो म्हणून मला वाईट वाटायचं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आता रविवारी मी जाते. सकाळची एसटी पकडली की दहाच्या आत पोचते. गोळ्या, तेल, दवाखाना, खोकला, हे सगळं आता अक्काच्या वाट्याला आहे. ती थकलेली दिसते. डोळ्यांखाली काळं आलंय. अप्पा तिच्यावर कधीकधी चिडतात, मीठ कमी म्हणून, गोळी कडू म्हणून. माझ्यावर चिडत नाहीत. मी पाहुणी आहे.

मागच्या रविवारी मी गेले तर शेजारीण आली होती. अक्का चुलीसमोरून उठून कंबर सरळ करत तिला म्हणाली, "आठवडाभर माझ्या हातची अर्धी भाकरी जाते यांना. आज धाकटी आलीय, आता बघा, दोन खातील."

आवाज साधाच होता, पण परातीतलं पीठ तिनं जरा जोरात मळायला घेतलं. मी तिच्या शेजारी पाट घेतला आणि म्हटलं, "सरक, मी थापते." ती सरकली नाही. म्हणाली, "तू बस बाहेर त्यांच्याजवळ. वाट बघत होते."

मी बाहेर गेले. अप्पांनी दाढी केली होती. मला त्याचा आनंद झाला, आणि आत अक्का एकटीच भाकऱ्या थापतेय हे माहीत असूनही तो कमी झाला नाही.