बावन्न हप्ते आणि खाप्याचा गहू

दर दुसऱ्या मंगळवारी अकरा वाजता आमच्या कर्जाच्या गटातल्या पाचही जणी सक्करदऱ्याला पिंकीच्या घरच्या छपरीत जमायच्या. पिंकी गटाची प्रमुख, म्हणून बैठक तिच्याकडे. सतरंजी टाकून, कूलर लावून ती आमची वाट पाहत बसायची. हप्ते घ्यायला सुशील नावाचा पोरगेला साहेब मोटारसायकलवर यायचा. आम्ही सगळ्या सतरंजीवर बसायचो. जयवंता तेवढी घरून आपली चटई काखेत मारून आणायची आणि सतरंजीपासून हातभर दूर अंथरायची. पाण्याची बाटलीही तिची घरचीच.

"ताई, कूलरची हवा तरी माह्या घरची घेऊन राहिल्या ना?" पिंकी एकदा हसत म्हणाली.

जयवंता उठली, चटई उचलली आणि उन्हाच्या बाजूला जाऊन बसली. मे महिना होता.

पिंकी तिची धाकटी जाऊ. जयवंताचा नवरा दुर्गेश आणि पिंकीचा धर्मेंद्र, सख्खे भाऊ. गटातून आम्ही पाचही जणींनी साठ-साठ हजार उचलले, ते एकाच दिवशी. पिंकीचे धर्मेंद्रच्या मोबाईल दुरुस्तीच्या टपरीत गेले. जयवंताचे दुर्गेशच्या मालवाहू गाडीच्या डाऊन पेमेंटमध्ये गेले आणि दोन महिन्यांत दुर्गेश ती गाडी घेऊन बुटीबोरीला गेला, तिथेच खोली करून राहिला. भांडण नाही, कोर्ट नाही, सोडचिठ्ठी नाही. गाडी त्याच्याकडे आणि कर्ज जयवंताच्या नावावर. साडेचौदाशेचा हप्ता, असे बावन्न.

गटाचा नियम असा, की एकीचा हप्ता कमी पडला तर साहेब उठायच्या आत बाकीच्या चौघींनी मिळून तो भरायचा. आमच्यात असं होत राहायचं. माझेही एकदा पाचशे कमी पडले होते. मी लाजले आणि पुढच्या खेपेला परत केले. पण जयवंतानं पहिल्याच महिन्यात मला मंदिराच्या पायरीवर सांगितलं होतं, "कौशल्याताई, एक वेळ उपाशी राहीन, पण पिंकीचा एक रुपया माह्या हप्त्यात पडू देणार नाही. बावन्नच्या बावन्न मीच भरीन. मंग तिच्या छपरीत पाय ठेवणार नाही."

त्यासाठी तिनं घर कसं चालवलं, ते मी पाहिलं आहे. एका मेसमध्ये ती दोन्ही वेळच्या पोळ्या लाटायची, त्याचे साडेसहा हजार. दोन घरच्या पोळ्यांचे मिळून तीन हजार. पगार झाला की ती सहा स्टीलचे पेले मांडायची. भाड्याचा, किराण्याचा, रितिकाच्या शिकवणीचा, गॅस आणि लाईट बिलाचा, मंगळसूत्राच्या व्याजाचा आणि हप्त्याचा. मंगळसूत्र सोन्याच्या कर्जात अडकलं होतं, तेही दुर्गेशच्याच गाडीपायी. पाच पेले फळीवर असायचे. हप्त्याचा पेला मात्र देव्हाऱ्यात, कोराडीच्या देवीच्या फोटोजवळ. "फळीवरच्या पेल्यात हात जाते," ती म्हणायची. "देवीजवळचा नाही जात."

किराण्याचा पेला आधी रिकामा व्हायचा. मग महिन्याच्या शेवटी माय-लेकी वरण आणि भात खायच्या, पुढे नुसता भात. दिवसाला दीडशे पोळ्या लाटणारी बाई घरी पोळी करायची नाही.

हे सगळं तिनं नेटानं केलं, असं लोक म्हणतात. मला विचाराल तर ते तिनं जळून केलं. पिंकीचं घर तिच्या घरापासून चार दारं सोडून. पिंकीच्या दारात संध्याकाळी धर्मेंद्रची गाडी लागायची, तो समोसे आणायचा, पिंकी "काहून एवढे आणले?" म्हणून ओरडायची. तेवढं ओरडणं ऐकायला जयवंता भांडी घासता घासता नळ बंद करायची. हे तिनंच मला सांगितलं. घरच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे पूर्वी थोरली म्हणून जयवंताकडे असायचे, दुर्गेश गेल्यावर ते पिंकीकडे गेले. पिंकीनं तिला पुरणपोळ्या करायला बोलावलं. ती गेली, शंभरावर पोळ्या लाटल्या, देवीला हात जोडले आणि पाणीही न घेता परत आली.

"देवीसमोर उभं राहून काय मागू?" ती मला म्हणाली. "पिंकीचं वाईट कर, असं तर म्हणता येत नाही ना वं. मंग मी नुसती उभी राहते."

सगळ्यात जास्त लागलं ते गव्हाचं. सासरे बाबाराव आणि सासू जिजाबाई खाप्याला राहतात. कन्हानच्या काठाला त्यांची चार एकर आहे. दर एप्रिलला ते दोन्ही पोरांच्या घरी गव्हाचे दोन-दोन कट्टे पाठवायचे, पन्नास किलोचा एक. दुर्गेश गेल्यावरच्या पहिल्या एप्रिलला जयवंतानं पत्र्याची कोठी धुतली, गच्चीवर उन्हात वाळवली, तळाला कडुलिंबाचा पाला टाकला आणि टेम्पोची वाट पाहिली. टेम्पो आला. पिंकीच्या दाराशी थांबला. गच्चीवरून तिनं मोजले. चार कट्टे उतरले. टेम्पो तिकडूनच वळला आणि गेला.

दुसऱ्या वर्षी तिनं कोठी धुतली नाही. पण मोजायला गच्चीवर गेली. याही वेळी चार.

"नवरा गेला तो गेला," ती म्हणाली, "माह्या वाटचा गहूसुद्धा तिच्या कोठीत. एवढी काय साजूक लागून गेली ती?"

सासरी फोन करून विचार, मी म्हटलं. तिनं मान हलवली. भीक मागितल्यासारखं होईल म्हणाली. दोन वर्षं तिनं खाप्याला फोन केला नाही. गहू ती कोपऱ्यावरच्या गिरिधरच्या दुकानातून पाच-पाच किलो आणायची, छत्तीस रुपये किलो.

शेवटच्या हप्त्याला आठवडा उरला होता. त्या दिवशी ती पाच किलो गव्हासाठी गिरिधरकडे गेली. पुढे मांडलेला गहू संपला होता, म्हणून त्यानं मागून नवा कट्टा ओढत आणला आणि तोंड सोडलं. तोंडाला चिंधी बांधली होती. अंजिरी लुगड्याची, हिरव्या काठाची.

ते लुगडं जयवंतानंच सासूला घेतलं होतं, रितिकाच्या बारशाला. जिजाबाई जुनं लुगडं फेकत नाहीत, त्याच्या पट्ट्या फाडून कट्ट्यांची तोंडं बांधतात.

"भाऊ, हा कट्टा कुठून आणला?"

"तुमच्याच पिंकीताईनं देल्ला ना. मागच्या सालीही दोन देल्ले होते. घरात जास्त होते म्हणे." गिरिधर गहू मोजत होता. "खाप्याचा माल आहे, जयूताई. पोळी पायजा कशी राहते."

पोळी कशी राहते, हे तिला कोणी सांगायला नको होतं. दीडशे पोळ्या लाटणाऱ्या हाताला कणकेतला फरक लगेच कळतो. मागच्या वर्षीही मधले काही महिने कणीक भरपूर पाणी प्यायची आणि पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहायची. तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याला सासरची आठवण येते म्हणून तसं वाटतं.

तिनं एकशे ऐंशी रुपये मोजून दिले, ती चिंधी मागून घेतली आणि सरळ माझ्या घरी आली.

"माहाच गहू," ती पिशवी खाली ठेवत म्हणाली, "मी छत्तीस रुपये किलोनं विकत घेऊन राहिली."

तिनं बोटांवर हिशोब मांडला. गिरिधर अठ्ठावीसच्या वर देणार नाही. शंभर किलोचे अठ्ठावीसशे, म्हणजे दरसाल पिंकीचे जवळपास दोन हप्ते. जिच्या एका रुपयाला आपण शिवत नव्हतो, तिचे हप्ते आपल्याच गव्हातून गेले!

मी भडकले. "मंगळवारी बैठकीत काढ सगळ्यांसमोर. मी आहे तुझ्या बाजूनं."

"काढतेच," ती म्हणाली. पण आधी तिनं फोन काढला आणि खाप्याला लावला. दोन वर्षांनी. बाबारावांचा आवाज मोठा, मला बाजूला बसून ऐकू येत होता.

"कोण, जयू? बरी आहे का वं बाई? रितिका कितवीत गेली?"

"नववीत, मामाजी."

"गहू निंगाला का चांगला? पिंकी सांगते, ताईचे कट्टे मीच पोचवते, ताई ठेवून घेतात पण बोलायचं नाही म्हणतात. म्हटलं, नको बोलू. खाऊन तर राहिली ना."

जयवंतानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मला वाटलं, आता सांगते.

"चांगला निघाला, मामाजी," ती म्हणाली. "पोळी मऊ राहते."

फोन ठेवल्यावर मी तिला विचारलं, काहून नाही सांगितलं? ती म्हणाली, म्हाताऱ्याला वाटतं सून आपला गहू खाते, आणि ते खोटंही नाही. मग म्हणाली, "अन् मले कळलं, हे तिले मामाजींच्या तोंडून समजावं, असं मले नाही पाहिजे. माह्या तोंडून कळू दे."

मंगळवारी ती चटई घेऊन आलीच नाही. रिकाम्या हातानं आली आणि सतरंजीवर, पिंकीच्या अगदी समोर बसली. सुशीलनं नावं घेतली. जयवंतानं साडेचौदाशे ठेवले.

"जयवंताताई, बावन्न पूर्ण. एकही चुकला नाही. गटात तुमचा पहिला नंबर."

"लिहा मंग तसं," ती म्हणाली.

पिंकीचं नाव आलं. पिंकीनं नऊशे ठेवले आणि "आणते" म्हणून आत गेली. आत धर्मेंद्रचा आवाज आला, "माह्याजवळ कुठी आहेत? टपरीचं भाडं कोण देईन, तुहा बाप?" आम्ही खाली बघायला लागलो. मला तर तेव्हाच कळलं, की कूलर, समोसे आणि सतरंजी एवढंच आमच्यापर्यंत येत होतं. पिंकी बाहेर आली, तोंड उतरलेलं, आणि म्हणाली, "साडेपाचशे कमी आहेत. चौघींनी थोडे थोडे..."

"चौघींना कशाले तरास," जयवंता म्हणाली. तिनं कमरेची छोटी थैली काढली. मंगळसूत्राच्या व्याजाचे पैसे त्यात होते, मला माहीत होतं. पाचशेची एक आणि पन्नासची एक नोट तिनं सुशीलच्या समोर ठेवली. "साहेब, पिंकीचे कमी पडलेले जयवंतानं भरले, असं मोठ्यानं वाचून दाखवा."

सुशील गोंधळला, पण त्यानं वाचलं.

पिंकी लाल झाली. "ताई, पुढच्या आठवड्यात परत करते, देवीची शपथ."

"देवीले मधात नको घेऊ. पैसे नको मले. गहू दे." मग जयवंतानं पदराच्या गाठीतून ती अंजिरी चिंधी सोडली आणि पिंकीच्या मांडीवर ठेवली. "अन् कट्ट्याचं तोंड सोडू नको. बांधलेलाच पाठव."

बाकीच्या दोघींना वाटलं, जावा-जावांची देवाणघेवाण असेल. पिंकीनं मात्र चिंधी मुठीत घट्ट धरली. या खेपेला ती हसली नाही. मला वाटलं होतं, जयवंताला फार बरं वाटेल. तिच्याकडे पाहिलं तर ती पिंकीच्या गळ्याकडे बघत होती.

संध्याकाळी धर्मेंद्रनं कट्टा पाठीवर घेऊन आणला. पिंकी मागून येत होती. त्याला काही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं.

"वहिनी, दोन साल तुमच्या घरी चहा नाही पिला. आता हमाली तरी द्या!"

जयवंतानं चहा ठेवला. पिंकी दारातच उभी राहिली. "ताई, दुसरा कट्टा... मी पुढच्या साली..."

"पुढच्या साली टेम्पो माह्या दाराशी थांबव. बस," जयवंता म्हणाली.

चहा पिऊन ते दोघं निघाले. पायरी उतरताना पिंकीनं धर्मेंद्रच्या पाठीवरचा, खांद्यावरचा गव्हाचा भुसा हातानं झटकला. सकाळी तो तिला बापावरून बोलला होता, तरी झटकला. तो म्हणाला, "अजून खाली, मानेपाशी टोचून राहिलं," आणि तिनं तिथंही झटकला. जयवंता दाराच्या चौकटीला धरून ते दोघं वळेपर्यंत पाहत होती. मी बाजूला उभी होते. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे दोन वर्षं तिच्या नळ बंद करण्यात होतं.

मग आत येऊन तिनं कोठी पुसली, कट्ट्याचं तोंड सोडलं आणि चिंधीची घडी करून ठेवली. रितिका म्हणाली, "आई, आज पोळ्या?" तिनं कणीक भिजवायला घेतली.

आता देवीजवळचा पेला रिकामा राहणार, असं मी सहज म्हटलं. हप्ता संपला, थोडा श्वास घे, रितिकाला एखादा ड्रेस घे.

"रिकामा काहून राहील?" ती म्हणाली. "साडेचौदाशे त्यातच पडतील. मंगळसूत्र सोडवायचं आहे."

"सोडवून घालशील?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

ती कणीक तिंबत होती. तिंबलेल्या गोळ्यावर ओलं फडकं टाकलं, हात धुतले, देवीसमोर उदबत्ती लावली.

"घालीन का मोडीन, ते मंग पाहू," ती म्हणाली. "पण तिचं तिच्या गळ्यात आहे अन् माहं दुसऱ्याच्या तिजोरीत, हे मले सहन होत नाही."