विरजणाचे मासे

पुण्यात पाण्याला विश्रांती देणारं घर एकच आहे, आणि ते माझ्या बायकोच्या मामांचं आहे. बाकी सगळीकडे खडकवासल्याहून निघालेलं पाणी नळाला येतं न येतं तोच कुणी त्याची आंघोळ करतं, कुणी आमटी करतं, कुणी त्यानं स्कूटर धुऊन मोकळं होतं. मामांकडे मात्र ते पॅसेजमध्ये सहा बादल्यांत नुसतं बसून असतं. "दमून आलंय ते," मामा म्हणतात. "वाटेत त्याला औषध पाजलंय. एक दिवस उघडं राहू दे, वास जाऊ दे, मग माशांना भेटवू." शनिवार पेठेतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पाहुण्यांनाही साधारण हीच वागणूक मिळते. गेल्या गेल्या कुणी काही विचारत नाही. तुम्ही आपले खुर्चीत बसता, अर्ध्या तासानं मामा "आलात का?" म्हणतात, आणि तुम्हालाही आपण आत्ताच आलो असं वाटतं.

समोरच्या भिंतीभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर तोंडाला मलमल बांधलेल्या बरण्या. लोणच्याच्या, मुरांब्याच्या, एक तर जुन्या दवाखान्यातली कापसाची. प्रत्येक बरणीत चहासारखं तांबूस पाणी, तळाशी बदामाचं एक वाळकं पान, आणि त्या पानावरून बोटाच्या दोन पेरांएवढा निळा मासा असा फिरत असतो की त्याला कुठंही पोचायचं नाही. अंगभर लाल ठिपके, शेपटीला पिवळी किनार. हा किली. मूळचा नायजेरियातला, तिथल्या एका नदीकाठच्या गावचा. त्या गावाचं नाव मामा अगदी सासवड म्हणावं तसं म्हणतात. पंप नाही, हीटर नाही, बुडबुडे नाहीत. कुणी पंपाबद्दल विचारलं तर मामा चष्म्यावरून बघतात. "का? आजारी दिसतात का?" किली चिवट असतो, उन्हाळा सोसतो, थंडी सोसतो, चार दिवसांचा उपास सोसतो. पाटबंधारे खात्यात कालव्याच्या पाळ्या लिहिण्यात हयात घालवलेल्या माणसाला असाच मासा आवडणार. दुपारी उन्हाची तिरीप बरण्यांमधून पलीकडच्या भिंतीवर पडते, तेव्हा सगळी खोली हळूहळू हलते आहे असं वाटतं. मामा तिच्या मधोमध बसलेले असतात, आणि दुपार कुठं गेली हे आपल्याला बाहेर जिन्यात आल्यावर कळतं.

या माशांना डासांच्या अळ्या लागतात, म्हणून मामा गच्चीत एका टबात डास पाळत. अर्थात एकदा महापालिकेचा माणूस पावतीपुस्तक घेऊन आला. मामांनी त्याला बसवलं, पुरता अर्धा तास बसवलं, आणि मग एक अळी बरणीत सोडून दाखवली. "आपण मोठे झालेले डास मारता, मी त्यांना मोठंच होऊ देत नाही. आपण दोघं एकाच खात्यातले." तो गृहस्थ टबावर जाळी बसवायला लावून गेला, आणि जाताना पिशवीतून एक जोडीही घेऊन गेला. पुढं दर महिन्याला त्याचा फोन यायचा. साहेबांसारखा बोलणारा माणूस, पण आवाज दबका: "काका, मादी आज जेवली नाही."

मामांनी मासा कधी विकला नाही. "विरजण कोणी विकतं का?" ते विचारतात. शेजारणीनं वाटी पुढं केली की विरजण द्यायचं, कारण उद्या आपलं दही बिघडलं तर आपणच तिच्या दारात उभे असतो. त्यांच्या मते मासा एका घरात ठेवायचाच नसतो. आपली ओळ, म्हणजे आपल्या माशांचा वंश, दुसऱ्याकडे लावून द्यायची. मात्र गावं मिसळायची नाहीत. या गावचा नर आणि त्या गावची मादी, दिसायला सारखी असली तरी, एका बरणीत घालायची नाही. स्वतःच्या मुलीनं परजातीत लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा मामांनी फक्त "मुलगा वेळेवर येतो का?" एवढंच विचारलं होतं. माशांच्या बाबतीत मात्र ते असे सोवळे, की प्रत्येक बरणीवर चिठ्ठी: गाव, तारीख, कोणाकडून. आमच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी मला पगार विचारला नाही. "पाणी भरून ठेवता, की लागेल तेव्हा नळ सोडता?" भरून ठेवतो म्हणालो आणि पास झालो. आहेर म्हणून झाकणाची बरणी मिळाली, आत निळी जोडी. "हे तुमच्याकडचं विरजण," मामा म्हणाले. "कधी लागलं तर मागीन."

पण त्या घरातली खरी जादू मामींची होती. किलीची मादी अंडी घालते ती दोऱ्यांत. बुचाला लोकरीचा झुबका बांधून बरणीत सोडायचा, की ती त्या धाग्यांत शिरून एकेक अंडं चिकटवते, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, काचेसारखं. ते मामांना कधीच दिसलं नाही. मामी तांदूळ निवडणाऱ्या बोटांनी ओला झुबका उलगडायच्या आणि खडे वेचावेत तशी अंडी वेचून वाटीत ठेवायच्या. "अहो, हे बघा, डोळे दिसायला लागले याला," असं म्हणून त्या अंडं तळहातावर घेऊन मामांना दाखवायच्या, आणि मामा न दिसताही "वा!" म्हणायचे. लोकर अर्थात मामींच्याच पिशवीतली. मामींच्या हातच्या प्रत्येक स्वेटरची डावी बाही आखूड यायची, कारण लोकर मध्येच माशांकडे वळलेली असायची. माझाही आहे तसा एक. मामी गेल्या त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मामा भिंग लावून अंडी शोधतात आणि निम्मी सोडून देतात. पण एकदा ते मला म्हणाले होते, "या सगळ्यांच्या आज्या-पणज्या तिनं वेचलेल्या आहेत." एवढंच म्हणाले आणि लगेच बादल्या बघायला उठले.

आता माझा गुन्हा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीची साफसफाई करताना मी आमच्या बरणीचं झाकण बोटभर उघडं ठेवलं. किलीला उडी मारायला बोटभर फट पुष्कळ होते. चार दिवसांनी नर फ्रिजच्या मागं सापडला, तमालपत्र होऊन. मादी एकटी राहिली. खरं म्हणजे तेव्हाच शनिवार पेठेत जाऊन कान धरून उभं राहायचं होतं. त्याऐवजी मी खराडीला गेलो. तिथल्या एका कंपनीत काम करणाऱ्या बाई बाल्कनीत हेच मासे ठेवतात असं कळलं होतं. नर दिला त्यांनी आनंदानं. "पण लोकेशनचं मला नाही माहीत हं सर," त्या म्हणाल्या. "मी शॉपमधून घेतलेत. मिक्स पण असू शकतात." मी बरं म्हणालो. दिसायला तर सख्खा भाऊ होता. पिल्लं झाली, मोठी झाली, म्हातारी जोडी यथाकाल गेली. मामा घरी आले की बरणीपाशी वाकून म्हणायचे, "जावईबापू, तुमच्याकडच्या नरांना काय रंग चढलाय! माझे फिके वाटतात." मी चहाला उशीर का होतोय ते बघायला आत जायचो.

या उन्हाळ्यात मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते पाच दिवस आमच्याकडे राहिले. त्याच आठवड्यात त्यांच्या इमारतीत झुरळांची फवारणी होती. किल्ली शेजारच्या काकूंकडे. काकांचं घर तेवढं कशाला वगळायचं, म्हणून त्यांनी भल्या मनानं दार उघडून दिलं.

आम्ही परत गेलो तेव्हा जिन्यातच वास आला. बरण्या होत्या तशाच होत्या, ऊन भिंतीवर होतं तसंच होतं, फक्त काही हलत नव्हतं. अंड्यांच्या वाट्यासुद्धा उघड्याच होत्या. मामांनी काळा चष्मा काढला, पुन्हा लावला. काकू दारात येऊन रडायला लागल्या. "मला काय माहीत हो काका..." मामा म्हणाले, "झुरळं गेली ना? मग झालं तर." त्या गेल्यावर ते खुर्चीत बसले, नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ. मग हलकेच म्हणाले, "बाकी ज्यांना दिलं त्यांच्याकडचं कधीच संपलं. बरं झालं, विरजण तुमच्याकडे आहे."

मी उठून पॅसेजमधल्या बादल्या ओतून द्यायला लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा झाकणाचा डबा घेऊन रिक्षानं आमच्याकडे हजर झाले, इस्त्रीचा शर्ट घालून. डबा बघितला आणि माझ्यानं राहवलं नाही. फट, फ्रिज, खराडी, सगळं सांगितलं. एकदाही वर न बघता सांगितलं.

मामा बरणीकडे बघत राहिले. "मादी आपली होती?"

"हो. लग्नातल्या जोडीचीच ओळ."

"नक्की?"

"नक्की, मामा."

"आणि नर खराडीचा." त्यांनी खराडी अशी म्हटली, की नायजेरिया बरी. "तरीच रंग चढला होता."

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हवं होतं," मामा म्हणाले. आत कुकरची शिट्टी झाली. मी मनात डबा रिकामाच परत गेलेला बघत होतो. पण मामांनी खिशातून पेन काढलं, माझ्याकडे कागद मागितला आणि एकेक अक्षर कोरून चिठ्ठी लिहिली. गाव: अर्धं माहीत आहे. कोणाकडून: जावईबापू. "अर्धी तरी तिनं वेचलेली आहेत," ते म्हणाले आणि डबा माझ्यापुढं सरकवला. "भरा. आणि शिक्षा म्हणून दर रविवारी यायचं."

मामांच्या घरातल्या झुबक्यांना औषध लागलेलं होतं, ते सगळे टाकावे लागले. मामांनी कपाटातून मामींची विणकामाची पिशवी काढली. ती चार वर्षांत कुणी उघडलेली मी पाहिली नव्हती. आत मामांसाठी विणायला घेतलेला बाटली-हिरवा स्वेटर होता, डाव्या बाहीपर्यंत आलेला, सुया तशाच. मामांनी सुई ओढून घेतली आणि चार ओळी उसवल्या. "माझाच एक धड होणार होता," ते म्हणाले. "आता त्याचीही बाही आखूड." आम्ही दोघंही हसलो, आणि मग मला खिडकीकडे बघावं लागलं.

आता रविवारी मी त्या खोलीत खुर्चीवर बसतो. बादल्यांत पाणी विसावलेलं असतं. भिंतीवर ऊन पुन्हा हलायला लागलं आहे. मी हिरवा झुबका तळहातावर घेऊन धागा धागा चाचपतो, आणि मामा डोळे मिटून शेजारी बसलेले असतात.

"किती?" ते विचारतात.

"दोन."

"ती याच्यातून पाच काढायची. पुन्हा बघा."

मी पुन्हा पहिल्या धाग्यापासून बघायला लागतो.