तलवारीच्या मुठीतला चुका

मंडळी, आज दुपारी माझी जपानी तलवारबाजीची तोंडी परीक्षा होती. तलवारीच्या भागांची जपानी नावं सांगायची होती.

मूठ म्हणजे 'त्सुका'. आमचे सर बाहेरच्या राज्यातले. ते 'सुका' म्हणतात, म्हणून अख्खा क्लास 'सुका' म्हणतो.

सकाळी आईबरोबर भद्रकालीच्या बाजारात भाजी घेताना मी पुस्तकातल्यासारखं 'त्सुका, त्सुका' पुटपुटत होते. आई वैतागून म्हणाली, "अगं, चुका समोरच तर आहे! दोन जुड्या घे."

मी जागीच थांबले. त्सुका आणि चुका, उच्चार एकच की काय? घरी येऊन जपानी माणसाचं रेकॉर्डिंग ऐकलं. अगदी तोच! चाकातला, चुलीतला आपला च.

परीक्षेत सरांनी टोकलं, "सुका बोलो, नहीं तो मार्क कटेंगे."

म्हटलं, "कापा सर. पण आधी हे ऐका."

सरांनी रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "सब लोग, इसके जैसा बोलो."

शाळेत हाच च 'गावठी' म्हणून हिंदीच्या बाईंनी माझ्याकडून घोटून घोटून बदलून घेतला होता. आता नाही बदलणार.

आज घरी चुक्याची भाजी आहे. तुमचा कुठला उच्चार कुणी 'सुधारून' बिघडवलाय?